वह्या वाटा, पण वकीलपत्रही घ्या

पुण्यातल्या वकिली फर्म आता समाजकार्य करू लागल्या आहेत आणि त्यातही खोट काढणं म्हणजे निव्वळ पुणेरी खवचटपणा, असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जूनमध्ये शाळेला वह्या-दप्तरं दिली, पावसाळ्यात टेकडीवर झाडं लावली, थंडीत ब्लँकेटं वाटली, मधेच एखादं रक्तदान शिबिर घेतलं, वृद्धाश्रमाला देणगी दिली, तर यात कुणाचं काय बिघडलं? देणारा स्वखुशीनं देतो, घेणाऱ्याची नड भागते, आणि कायद्याची सक्ती नसताना हे सगळं होतं. शेवटचा मुद्दा तर अगदी खरा आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. वकिली फर्म सहसा भागीदारी असते किंवा मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजे एलएलपी. ती कंपनी नव्हे, त्यामुळे हे कलम तिला लागू होत नाही. तिनं दिलेला पैसा तिच्या इच्छेनं दिलेला असतो, आणि इच्छेनं दिलेल्याचं मोल कमी लेखायचं कारण नाही. या लेखाचा आक्षेप देण्याला नाही, देण्याचा हिशेब ज्या खात्यात मांडला जातो त्याला आहे. वह्या वाटल्या म्हणजे वकील म्हणून समाजाचं जे देणं लागतो ते फिटलं, ही समजूत चुकीची आहे. वकिलाचं देणं वकिलीतच फेडावं लागतं.

वकिलाच्या डोक्यावर असं वेगळं देणं येतं कुठून? ते त्याच्या मक्तेदारीतून येतं. अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे वकिली करण्याचा अधिकार फक्त सनद घेतलेल्या वकिलालाच आहे. माणसाला स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, पण दुसऱ्याची बाजू व्यवसाय म्हणून मांडायला सनद लागते. हे संरक्षण किराणा दुकानदाराला नाही, शिकवणी घेणाऱ्याला नाही, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही नाही. न्यायालयाच्या दारात समाजानं एकाच वर्गाला उभं केलं आणि बाकीच्यांना सांगितलं की आत जायचं तर यांच्याबरोबर जा. त्या बदल्यात वकिलाकडून काय अपेक्षित आहे, हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. नियम ४६ चा आशय असा की ज्याला खरोखर वकिलाची गरज आहे त्याला पूर्ण फी परवडत नसली तरी कायद्याची मदत मिळण्याचा हक्क आहे, आणि आपल्या ऐपतीच्या मर्यादेत गरीब व पीडितांना मोफत मदत करणं हे वकिलाच्या समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे. हा नियम 'दान करा' असं सांगत नाही. तो 'मोफत कायदेशीर मदत करा' असं सांगतो. दप्तरांचा गठ्ठा कितीही मोठा असला तरी तो या नियमाच्या पूर्ततेत धरता येत नाही.

पुण्याला तर हे कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरजच नाही. या शहराच्या सार्वजनिक जीवनाचा पाया ज्यांनी घातला त्यांतला एक माणूस वकील होता. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेची घडणच वकिली डोक्यातून निघालेली होती. सभासद व्हायचं तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. लोकांच्या वतीनं बोलणाऱ्याकडे लोकांनी दिलेला अधिकार कागदावर असला पाहिजे, हा विचार वकिलालाच सुचतो. सभेनं सरकारकडे अर्ज धाडले आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. त्याच दशकात कोर्टाच्या खर्चापासून लोकांना वाचवण्यासाठी पुण्यात लवाद कोर्टाचा प्रयोग झाला, त्यातही काका होते. आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर सरकारविरुद्ध बंड केल्याचा खटला पुण्यात उभा राहिला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र काकांनी घेतलं. फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला नेलं गेलं. खटला हरला. तरीही वकील म्हणून त्या दिवशी काकांनी जे दिलं ते दुसऱ्या कुठल्याही व्यवसायातल्या माणसाला देता आलं नसतं, मग तो कितीही श्रीमंत असो वा उदार. त्यांनी स्वदेशीचा पुरस्कार केला, दुकानं काढली, स्वतः खादी वापरली. पण या कामांमुळे वकीलपत्र घेण्यातून आपली सुटका झाली, असं त्यांनी मानलं नाही.

यावर कुणी म्हणेल, दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं माप आजच्या फर्मला लावणं अन्यायाचं आहे. मग आजचंच माप घेऊ, तेही याच राज्यातलं. धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्रात काय नियम आहे? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. शिवाय एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जमा करावी लागते. या योजनेची अंमलबजावणी कशी होते यावर पुण्यात वारंवार वाद होतात आणि ते रास्तही आहेत. पण मापाबद्दल वाद नाही. रुग्णालयाचं समाजऋण खाटेत आणि उपचारात मोजायचं, हे सगळ्यांना मान्य आहे. उद्या एखाद्या धर्मादाय रुग्णालयानं सांगितलं की खाटा देत नाही, पण शेजारच्या बागेत बाकं बसवून देतो, तर पुणेकर ते एक दिवसही खपवून घेणार नाहीत. वकिली फर्मकडून मात्र आपण बाकंच स्वीकारतो आणि वर हारही घालतो. दोन्हींत फरक आहे, हे कबूल. रुग्णालयाच्या विश्वस्त संस्थेला करसवलत मिळते, काही ठिकाणी जमीनही मिळालेली असते. फर्मला यातलं काही मिळत नाही. तिला मिळालेली गोष्ट याहून दुर्मीळ आहे: न्यायाच्या दारावरचा मक्ता.

गरज नसती तर हा वाद केवळ तात्त्विक राहिला असता. पण गरज इथेच आहे, शहराच्या हद्दीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ म्हणजे ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. येरवडा मध्यवर्ती कारागृहातली गर्दी पुणेकरांना बातम्यांतून माहीत आहे. त्या गर्दीत असे लोक असतात ज्यांचा जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही किंवा रक्कम भरता येत नाही. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं यासाठीच सांगितलं की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ काढला, की सुटकेचा विचार व्हायला हवा. एकापेक्षा जास्त प्रकरणं प्रलंबित असतील तर गोष्ट वेगळी. हा हिशेब करायला कुणाला तरी आरोपपत्र वाचावं लागतं, कलमं पाहावी लागतात, अटकेची तारीख मोजावी लागते आणि अर्ज लिहावा लागतो. हे काम वह्यांनी होत नाही, झाडांनी होत नाही आणि डोळ्यांत पाणी आणूनही होत नाही. ते सनद असलेल्या माणसाच्या एका दुपारच्या वेळानं होतं.

पहिला जोरदार प्रतिवाद असा येतो, की हे काम सरकारचं आहे. राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं अनुच्छेद ३९-अ आला, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे, शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे. मग खासगी फर्मकडे कशाला बघायचं? हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. जबाबदारी सरकारची आहेच. महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सांगितलं, की अपिलासाठी बंदिवानाला निकालाची प्रत आणि मोफत वकील मिळणं हा दयेचा भाग नसून न्याय्य प्रक्रियेचा भाग आहे. पण अधिनियमाच्या कलम १२ मध्ये कोण कोण पात्र आहे ते पाहावं. अनुसूचित जाती-जमातींचे लोक, मुलं, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसं, ठरावीक उत्पन्नाखालचे सगळे, आणि उत्पन्नाची कसलीही अट न घालता प्रत्येक स्त्री. म्हणजे केवळ स्त्रिया धरल्या तरी जवळजवळ निम्मं पुणे या हक्काला पात्र ठरतं. एवढा भार प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या आणि पगारी बचाव वकिलांनीच वाहावा, आणि शहरातल्या सर्वांत अनुभवी कचेऱ्यांनी दुरून शुभेच्छा द्याव्यात, अशी ही वाटणी आहे. तिचा परिणाम काय होऊ शकतो, हे मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात दिसलं. आरोपीसाठी ज्या दिवशी मोफत वकील नेमला गेला त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले, आणि दोन आठवड्यांच्या आत फाशीची शिक्षा सुनावली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि म्हटलं, की जिथे जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते तिथे किमान दहा वर्षं वकिली केलेल्यांचाच विचार व्हावा आणि तयारीला निदान सात दिवस मिळावेत. दहा वर्षं वकिली केलेली माणसं कुठे असतात? बहुतेक वेळा याच फर्मच्या केबिनमध्ये.

दुसरा प्रतिवाद असा, की आमची फर्म जमिनीचे व्यवहार, करार, कंपनी आणि कर यांचं काम करते; फौजदारी कोर्टाची पायरी आम्ही वर्षानुवर्षं चढलेलो नाही, मग कैद्याचं नुकसान करायला आम्ही तिथे जायचं का? जाऊ नये, हेच उत्तर. पण गरिबाचा कायद्याशी संबंध फक्त तुरुंगातूनच येतो, ही समजूत या प्रतिवादात दडलेली आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घर मिळणार की नाही हे परिशिष्ट २ मधल्या पात्रतेवर ठरतं, आणि ती पात्रता १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याच्या पुराव्यावर उभी असते. मधल्या काळात झोपडी विकली गेली असेल, नावात फरक असेल, नवरा वारला असेल, तर अपात्रतेच्या शेऱ्याविरुद्ध अपील मुदतीत करावं लागतं. मालमत्तेचे दस्त वाचण्यात ज्या फर्मचा हातखंडा आहे तिला याहून ओळखीचं काम कोणतं? वारस नोंदी, हक्कसोडपत्र, विधवेचं नाव सातबाऱ्यावर चढवणं, बिल्डरनं अडवून ठेवलेलं मानीव अभिहस्तांतरण, बांधकाम कामगारांची मंडळाकडची नोंदणी, भविष्य निर्वाह निधीचे अडकलेले पैसे, हे सगळं दिवाणी आणि कागदी काम आहे. शहरातल्या लहान सेवाभावी संस्थांना धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज वेळेत दाखल करता येत नाहीत आणि देणग्यांवरच्या करसवलतीच्या नोंदणीचं वेळेत नूतनीकरण करता येत नाही, म्हणून त्यांचं काम अडतं. ज्या फर्मला वृद्धाश्रमाला देणगी द्यायची आहे तिनं त्या वृद्धाश्रमाचे ट्रस्टचे कागद नीट करून दिले, तर ती देणगी पुढची कित्येक वर्षं पुरेल. आणि फौजदारी कामाची इच्छाच असेल तर तेही शिकता येतं. २०१९ च्या सुमारास दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाबरोबर येरवडा आणि नागपूरच्या कारागृहांत कच्च्या कैद्यांसाठी काम सुरू केलं, त्यात वकिलांच्या जोडीला समाजकार्यकर्ते होते. शिकून, बसून, पाठपुरावा करून हे काम जमतं, हे याच शहरात दिसून गेलं आहे.

तिसरा प्रतिवाद जास्त प्रामाणिक आहे आणि त्याला टोलवून लावणं बरोबर होणार नाही. तो म्हणतो, मोफत काम म्हणजे प्रत्यक्षात ज्युनिअरच्या गळ्यात पडलेलं आणखी एक काम. सीनिअरचं नाव, ज्युनिअरचे हेलपाटे. ज्या व्यवसायात नव्या वकिलाला मिळणाऱ्या तुटपुंज्या मोबदल्यामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस करावी लागली, तिथे या भीतीला आधार आहे. पण या आक्षेपातून मोफत काम करू नये असा निष्कर्ष निघत नाही, ते कुणाच्या खर्चानं करावं एवढंच ठरतं. खर्च फर्मनं सोसायचा. मोफत प्रकरणावर ज्युनिअरनं घालवलेला तास पगारी कामाच्या तासाइतकाच धरायचा, आणि भागीदारानं स्वतःचे तासही त्यात घालायचे. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत प्रत्येक वकिलानं वर्षाला ५० तास मोफत कामाचं उद्दिष्ट ठेवावं असं सुचवलेलं आहे, सक्ती नाही. हेच माप घेतलं तर वीस वकिलांच्या पुणेरी फर्मचे वर्षाला १,००० तास होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला एक तास. दोन-तीन वकिलांच्या कचेरीला तेवढंही जड असेल, तर नियम ४६ मध्येच 'ऐपतीच्या मर्यादेत' अशी सूट आहे. पण ज्या फर्मला वह्या, झाडं आणि ब्लँकेटं परवडतात तिला ऐपत नाही म्हणता येणार नाही.

मग पैशाच्या दानाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि पुण्यातच तिचा उत्तम दाखला आहे. महादेव चिमणाजी आपटे हे वकील. त्यांनी १८८८ मध्ये आनंदाश्रम स्थापन केला आणि त्यातून संस्कृत हस्तलिखितांचा मोठा ठेवा वाचला. वकिलानं कमावलेल्या पैशानं विद्येची केवढी सेवा होऊ शकते, हे त्या संस्थेनं दाखवलं. म्हणून देणगी बंद करा असं कुणी म्हणत नाही. म्हणणं असं आहे, की देणगी कोणत्याही सुस्थितीतल्या नागरिकानं द्यावी, तशी वकिलानंही द्यावी. तिच्यामुळे वकील म्हणून असलेलं देणं फिटत नाही. फर्म पैशाकडे का वळतात हेही समजण्यासारखं आहे. देणगीची पावती आयकरात वजावटीसाठी चालू शकते, फुकट दिलेल्या तासांना वजावट नाही. देणगी एका सकाळी देऊन होते, प्रकरण तारखांमागून तारखा चालतं. देणगीत कुणी विरोधात जात नाही. झोपडीवासीयाचं वकीलपत्र घेतलं तर समोर एखादा बिल्डर असतो, आणि तो कदाचित उद्याचा अशील असतो. खरी अडचण बहुधा इथेच आहे. हितसंबंधांचा संघर्ष असेल तर ते प्रकरण नाकारलंच पाहिजे, तो आचारनियमच आहे. पण संभाव्य अशील नाराज होतील या भीतीनं गरिबाची सगळीच प्रकरणं टाळायची आणि त्याऐवजी कुणालाच न दुखवणारी झाडं लावायची, याला संघर्ष टाळणं म्हणत नाहीत. याला गिऱ्हाईक सांभाळणं म्हणतात.

उरतो प्रसिद्धीचा मुद्दा. समर्थक म्हणतात, फोटो छापून आले तर इतरांना प्रेरणा मिळते. वकिलांच्या बाबतीत हा युक्तिवाद जरा जपूनच करावा. बार कौन्सिलचा नियम ३६ वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करून काम मिळवायला मनाई करतो. २००८ मध्ये संकेतस्थळावर नाव, पत्ता, कामाचं क्षेत्र अशी जुजबी माहिती द्यायला मुभा मिळाली, त्यापलीकडे फारसं काही नाही. ज्या व्यवसायाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, त्यात फर्मच्या नावाचा फलक धरून केलेलं वाटप हे समाजकार्य किती आणि मागच्या दारानं केलेली जाहिरात किती, असा प्रश्न कुणी विचारला तर तो खवचटपणा ठरत नाही. मोफत चालवलेल्या प्रकरणाला ही अडचण येत नाही. त्यात फोटो काढता येत नाही, कारण अशिलाची गुप्तता पाळावी लागते. म्हणूनच ते काम प्रसिद्धीच्या मोहापासून आपोआप सुरक्षित राहतं.

प्रेरणाच द्यायची असेल तर फर्मनी दरवर्षी एक साधा तक्ता जाहीर करावा. कुणाचंही नाव न घेता त्यात लिहावं: किती मोफत प्रकरणं घेतली, कोणत्या स्वरूपाची, भागीदारांनी किती तास दिले, ज्युनिअरनी किती, किती प्रकरणं तडीस गेली आणि किती मधेच सोडली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आपलं नाव नोंदवावं आणि वर्षाला निश्चित संख्येनं प्रकरणं मागून घ्यावीत. देणगीचा पैसाही कायद्याच्या कामाजवळ आणावा: निकालाच्या नकलांची फी, अपिलासाठी मुंबईला जाण्यायेण्याचा खर्च, तज्ज्ञाचा अहवाल. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात नाही. पुण्यातल्या गरिबाला उच्च न्यायालयासाठी आजही मुंबईच गाठावी लागते, आणि हा खर्च कुठल्याच वह्यावाटपात धरलेला नसतो.

नागरिकांनीही आपली सवय बदलावी. संस्थाचालकांनी, शाळांनी, मंडळांनी एखाद्या फर्मचा सत्कार करताना तिला एवढंच विचारावं, की गेल्या वर्षी तुम्ही किती लोकांचं वकीलपत्र फी न घेता घेतलंत? उत्तर आलं तर हार घालावा. उत्तर आलं नाही तर वह्यांबद्दल आभार मानावेत, पण त्याला वकिलांची समाजसेवा म्हणू नये.